चिखल्यांसाठी पापुद्रा : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

९ जून, सोमवार

विषय आज पक्का झाला. टर्बिनाफीन हायड्रोक्लोराइड या बुरशीविरोधी औषधाचं एक टक्का द्रावण करायचं. पायाच्या बोटांमध्ये लावलं की ते लगेच वाळावं, त्याचा पातळ पापुद्रा व्हावा आणि औषध त्वचेच्या वरच्या थरात मुरत राहावं. रोग चिखल्या. पाठ्यपुस्तकात त्याला टिनिया पेडिस म्हणतात.

कल्पना नवी नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते. 'लॅमिसिल वन्स' नावाचं असं द्रावण ब्रिटन-ऑस्ट्रेलियात विकलं जातं. ते एकदाच लावायचं, दोन्ही पायांना लावायचं आणि पुढचे २४ तास पाय धुवायचे नाहीत. त्यात औषध एक टक्का आहे. पापुद्रा करण्यासाठी अॅक्रिलेट-ऑक्टिलअॅक्रिलअमाइड कोपॉलिमर आणि हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज ही जोडी वापरली आहे, आणि द्रावक म्हणून इथेनॉल. पापुद्रा निघून गेला तरी औषध त्वचेच्या मृत थरात साठलेलं राहतं आणि जवळजवळ १३ दिवस बुरशीला पुरेल इतकं टिकतं. टर्बिनाफीन त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतं, म्हणून हे जमतं.

माझा प्रश्न त्या २४ तासांचा आहे. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिखल्या होतात त्याही याच महिन्यांत. तरव्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, उतरलेली बाई किंवा ओल्या फळीमागे नुस्तें (मासळी) घेऊन बसलेली मावशी २४ तास पाय कोरडे कसे ठेवील? म्हणजे पापुद्र्यालाच पाणी सोसलं पाहिजे. मॅडम म्हणाल्या, प्रश्न चांगला आहे, पण उत्तर पॉलिमरात, म्हणजे पापुद्रा करणाऱ्या लांब साखळीच्या रेणूंत शोध, औषधात नको. तेच ठरलं.

१२ जून

कपाटात कोणते पॉलिमर आहेत ते पाहिलं. एचपीएमसी, हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज, पीव्हीपी के-३०, पीव्हीए, इथाइल सेल्युलोज, कार्बोमर ९४०, युड्रॅजिट आरएल १०० आणि आरएस १००. कायटोसान मागवलं आहे.

पाण्यात विरघळणारी पहिली चार नावं एकट्याने चालणार नाहीत, हे प्रयोग न करताही सांगता येतं. त्यांचा पापुद्रा सुंदर होतो, पण पहिल्याच ओल्या पायवाटेवर विरघळून जाईल. पापुद्रा मऊ करायला किंवा औषध विरघळलेलं ठेवायला त्यांचा थोडा उपयोग होईल.

खरा भर आरएल आणि आरएस यांवर. दोन्ही पाण्यात न विरघळणारी अॅक्रिलेटची भावंडं. फरक आहे तो क्वाटर्नरी अमोनियम या धनभारित गटांचा. आरएलमध्ये ते आरएसच्या साधारण दुप्पट. हे गट पाणी ओढतात, त्यामुळे आरएलचा पापुद्रा पाण्यात फुगतो आणि औषधाला वाट देतो. आरएस घट्ट राहतो. दोघांचं प्रमाण बदलून पापुद्र्याची झिरप हवी तशी जुळवता येते. गोळ्यांवर लेप देणारे लोक हे कितीतरी वर्षं करत आलेत.

१६ जून

कार्बोमर बाद. जेलमध्ये टर्बिनाफीनचं द्रावण थेंबथेंब घातलं आणि स्वच्छ जेल दुधाळ झाली, मग गुठळ्या. कारण उघड आहे. कार्बोमरवर ऋणभार, औषधाच्या क्षारावर धनभार, दोघं एकमेकांना घट्ट धरतात. दुकानातल्या कितीतरी जेली कार्बोमरवर उभ्या आहेत, पण त्या प्रत्येक औषधाला चालत नाहीत. आरएल, आरएस आणि कायटोसान धनभारित आहेत, त्यामुळे तिथे हे भांडण होणार नाही.

२० जून

काजूचा डिंक. मामाच्या भाटात (बागायतीत) काजूच्या खोडांवर तो नेहमी सुकलेला असतो, पिवळसर, काचेसारखा. काजू पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इथे आला आणि आता तो परका आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. डिंकात गॅलॅक्टोजचा भाग मोठा. पाण्यात सहज विरघळतो, गाळला की स्वच्छ होतो. पण पापुद्रा ठिसूळ. ग्लिसरिन घातलं तर चिकट. आणि पाण्यात लगेच गायब. जेल घट्ट करायला किंवा गोळी बांधायला तो चांगला आहे, माझ्या कामाला नाही. वही मिटली. डिंक ज्युनिअरला दिला, तिला गोळ्यांसाठी बंधक हवाच होता.

२४ जून

आज सांजांव, सेंट जॉनचा सण. लॅब बंद. वाचन.

त्वचा औषधाला आत येऊ का देत नाही, यावर जुनी नोंद परत काढली. स्ट्रॅटम कॉर्नियम, म्हणजे त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर, बहुतेक शरीरावर १० ते २० मायक्रॉन जाड. तळव्यावर कितीतरी जास्त. आमच्याकडच्या चिऱ्यांच्या भिंतीसारखी त्याची रचना आहे: मृत पेशी म्हणजे चिरे आणि मधला गिलावा म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्लं. औषध चिऱ्यांमधून क्वचितच जातं. ते गिलाव्याच्या वाकड्यातिकड्या वाटेने जातं, म्हणून त्याला तेलकट माध्यम आवडायला हवं आणि रेणू लहान हवा. २००० साली बोस आणि माइनार्डी यांनी मांडलेला ५०० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) नियम याच अनुभवावर उभा आहे. त्याहून मोठा रेणू सहसा त्वचेतून पार होत नाही. टर्बिनाफीन हायड्रोक्लोराइड ३२८ च्या आसपास, म्हणजे आकाराने बसतं. पण ते इतकं मेदप्रेमी आहे की वरच्याच थरात रमतं, खालच्या पाणीदार थरात उतरायला नाखूश असतं.

माझ्यासाठी हाच फायदा. बुरशी वरच राहते, औषधानेही वरच राहावं.

१ जुलै

मैत्रिणीचा प्रकल्प माझ्या टेबलाच्या पलीकडे चाललाय, आणि तो माझ्या अगदी उलट आहे. तिला डायक्लोफेनॅक त्वचेच्या पार न्यायचं आहे, गुडघेदुखीसाठी पॅच. मी औषध थांबवायला धडपडते, ती पुढे ढकलायला. आज चहा घेताना आम्ही दोघी तासभर यावरच बोललो.

पॅचचा इतिहास तिने छान सांगितला. १९७९ साली अमेरिकेत पहिल्या पॅचला मान्यता मिळाली. स्कोपोलामिनचा, बोट लागण्यावर (प्रवासातल्या मळमळीवर), कानामागे चिकटवायचा, तीन दिवस चालणारा. कानामागची जागा का, तर तिथली त्वचा औषधाला तुलनेने सहज वाट देते. मग १९८१ ला नायट्रोग्लिसरिन, १९९० ला फेंटानिल, १९९१ ला निकोटिन. औषधं हातावर मोजण्याइतकीच, कारण लहान रेणू, थोड्या मात्रेत काम आणि मेद-पाणी दोन्हींशी जमणं हे तिन्ही गुण एकत्र क्वचितच सापडतात.

तिची अडचण आमच्या हवेची. तिने एचपीएमसी आणि पीव्हीपी घेऊन साच्यात पॅच ओतला. ट्रेमध्ये उत्तम दिसतो. बाहेर ठेवला की दुसऱ्या दिवशी लिबलिबीत. हे पाणीप्रेमी पॉलिमर हवेतली ओल पितात, आणि इथे जुलैत हवेत ओल सोडून आहे काय. आता ती अॅक्रिलिक चिकटा घेऊन त्यातच औषध विरघळवणार आहे. बाजारातले पुष्कळ पॅच असेच असतात, वेगळी टाकी नाही, चिकट थर हाच औषधाचा साठा.

५ जुलै

आरएल आणि आरएस वेगवेगळ्या प्रमाणांत इथेनॉलमध्ये विरघळवले. मऊपणासाठी ट्रायइथाइल सायट्रेट, पॉलिमरच्या वजनाच्या १० आणि २० टक्के. पेट्री डिशमध्ये पाऱ्यावर ओतलं नाही. पूर्वी पारा वापरत. सपाट पृष्ठभाग मिळतो, पण आजच्या काळात तो लॅबमध्ये उघडा ठेवू नये. टेफ्लॉनची तबकडी घेतली.

हा मऊ करणारा पदार्थ (प्लास्टिसायझर) १० टक्के असलेले पापुद्रे दुमडले की तडकतात. बोटाच्या सांध्यावर ते टिकणार नाहीत. २० टक्क्यांवाले वाकतात. दुमडत-उघडत तुटेपर्यंतची कसोटी लावली, तीत ते चांगले उतरले.

११ जुलै, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. लॅबचं काम नव्हतं, पण आले. मासेमारीबंदी चालू आहे, १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे ट्रॉलरचं नुस्तें नाही. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांचं, खाडीचं आणि बाहेरून आलेलं. विकायला बसलेल्या एका मावशीचे पाय पाहायला मिळाले, तिनेच दाखवले. चौथ्या आणि पाचव्या बोटामध्ये पांढरी, भिजून सुटलेली कातडी, खाली लाल. चिखल्यांची हीच आवडती जागा, तिथे हवा पोहोचत नाही. तिने लावायला काय घेतलं विचारलं, तर एक ट्यूब दाखवली. क्लोबेटॅसोल हे स्टिरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि जंतुविरोधी औषध, तिन्ही एकात. दुकानातून चिठ्ठीशिवाय.

मी डॉक्टरांकडे जायला सांगितलं. स्टिरॉइड बंद करायचं तेही त्यांना विचारून. पाय कोरडे ठेवायचंही बोलून गेले, तेव्हा ती म्हणाली, "बाय, पांय सुके दवरपाक आमकां परवडना." पाय कोरडे ठेवणं त्यांना परवडत नाही.

प्रकल्पाचा पहिला परिच्छेद मला तिथे मिळाला.

१८ जुलै

आजची मोजणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पापुद्रा पाण्याने विरघळू नये, इतकं पुरेसं नाही. तो घामाची वाफ बाहेर जाऊ देतो का? बोटांमध्ये अभेद्य झाकण बसवलं तर आतली कातडी आणखी भिजेल, सुटेल आणि बुरशीला हवं तेच मिळेल. औषध आत घालवणाऱ्या पॅचच्या बाबतीत अशी झाकण बसणारी बंदिस्ती उपयोगाची असते. ओलावलेली त्वचा औषधाला जास्त वाट देते. मैत्रीण तेच मागते. मला ते नको.

पद्धत साधी आहे. छोट्या काचेच्या कुपीत कोरडं कॅल्शियम क्लोराइड, तोंडावर पापुद्रा चिकटवायचा, कुपी डेसिकेटरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्यात. डेसिकेटरच्या तळाशी पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण, म्हणजे आतली हवा ८४ टक्के ओलीची राहते. पावसाळ्यातल्या गोव्याशी जुळणारी. कुपीचं वजन जेवढं वाढेल तेवढी वाफ पापुद्र्यातून पार गेली. दुसऱ्या डेसिकेटरमध्ये मिठाचं संपृक्त द्रावण, ७५ टक्के. ही मिठाची युक्ती मला फार आवडते. महागड्या यंत्राशिवाय हवेला हवी ती ओल देता येते आणि किचनमधलं मीठ शुद्ध असेल तर तेही चालतं.

निकाल अपेक्षेसारखा. इथाइल सेल्युलोज जवळजवळ बंद दार. आरएल सर्वांत मोकळा. आरएस त्या दोघांच्या मधला. मिश्रणं मधल्या पायऱ्यांवर.

फक्त आरएल घ्यावा असं मन म्हणतं. पण तोच पापुद्रा पाण्यात बुडवला की फुगून कडांनी सुटतो.

२३ जुलै

स्फटिक!

औषध भरलेले पापुद्रे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आरएल-आरएस मिश्रणात आठवडाभरानंतर चमकणाऱ्या सुया दिसतात. इथेनॉल उडालं की औषध पॉलिमरात मावेल त्यापेक्षा जास्त होतं आणि बाहेर पडू लागतं. खरं तर हे अतिसंपृक्त होणं सुरुवातीला हवंच असतं. द्रावक उडाल्यावर औषधाला त्वचेत शिरण्याचा जोर त्यातूनच मिळतो. पण स्फटिक झाले की तो जोर संपला. स्फटिक त्वचेत शिरत नाही.

ही किरकोळ गोष्ट नव्हे. २००८ मध्ये पार्किन्सन्सवरचा रोटिगोटिनचा पॅच अमेरिकेतल्या बाजारातून मागे घ्यावा लागला, कारण चिकट थरात औषधाचे स्फटिक वाढले होते. सर्व परवानग्या मिळालेला पॅच, आणि पॉलिमरात औषध विरघळून राहिलं नाही.

उपाय पीव्हीपी. ती औषधाच्या रेणूंना धरून ठेवते आणि स्फटिकाची बी उगवू देत नाही. पण तीच पाणी पिते, मैत्रिणीचा पॅच तिनेच लिबलिबीत केला. म्हणून अगदी थोडी. कमीत कमी किती लागते ते पाहण्यासाठी पीव्हीपी हळूहळू वाढवत ओळ लावली आहे.

३० जुलै

पीव्हीपीची ओळ वाचली. अगदी थोड्या प्रमाणात सुया यायला उशीर होतो, जरा जास्त प्रमाणात त्या दिसतच नाहीत, आणि त्याहून वाढवलं की ७५ टक्के ओलीत पापुद्रा बोटाला चिकटतो. मधली जागा अरुंद आहे, पण आहे. पॉलिमरच्या वजनाच्या १० टक्के पीव्हीपी धरून पुढे जाते.

मोजमापात एक खबरदारी: पीव्हीपी यूव्हीमध्ये लहान तरंगलांबीला स्वतःच शोषते, म्हणून टर्बिनाफीन २२३ ला न मोजता २८३ नॅनोमीटरला मोजते आणि औषधाविना पापुद्रा रिकाम्या नमुन्यासारखा वजा करते.

१ ऑगस्ट

बंदी उठली, ट्रॉलर निघाले. बाजारात बोटींवरचं नुस्तें यायला थोडे दिवस लागतील.

डुकराचे कान मिळवायचे होते. कानामागची त्वचा मानवी त्वचेच्या बरीच जवळची, केसांची मुळं आणि वरच्या थराची जाडी दोन्हींत. पण कसाई कातडं सोलण्याआधी जनावर कढत पाण्यात बुचकळतो किंवा केस जाळतो, आणि त्यात वरचा थर निकामी होतो. असा कान लॅबमध्ये आणला तर औषध भराभरा पार होतं आणि आकडे सुंदर दिसतात, पण खोटे. म्हणून सकाळी लवकर जाऊन आधी सांगून ठेवलं: पाणी लावू नका, तसाच द्या. गिऱ्हाइकाला कान तसाच का हवा, ते समजल्यावर त्यांनी छान सहकार्य केलं आणि पुढच्या वेळचेही बाजूला काढून ठेवले.

प्रत्येक तुकड्याचा विद्युतरोध आधी मोजते. रोध कमी म्हणजे थर फाटलेला, तुकडा बाद.

६ ऑगस्ट

फ्रान्झ सेल चालू. १९७५ साली टी. जे. फ्रान्झ यांनी मांडलेलं हे काचेचं साधं उपकरण: वर औषध ठेवायचा कप्पा, मध्ये त्वचा, खाली ढवळलं जाणारं द्रव. बाहेरून गरम पाणी असं फिरवायचं की त्वचेचं तापमान ३२ अंशांवर राहावं. पाय गार असतात, तरी ३२ चा नियमच धरते, नाहीतर तुलना होत नाही.

खालच्या द्रवात थोडं इथेनॉल मिसळलं. टर्बिनाफीन ७.४ पीएचच्या बफरमध्ये फारच कमी विरघळतं. ते भरून गेलं की पुढे जाणं आपोआप थांबतं आणि त्वचा अडवते असं खोटं चित्र दिसतं. पण इथेनॉल जास्त झालं तर ते वर त्वचेला झळ लावतं. त्यामुळे इथेही मध्यमार्ग.

औषध खाली पार होत नाही, किंवा अगदीच थोडं. माझ्या दृष्टीने हे यश. त्वचेच्या थरात किती आहे हे सेल सांगत नाही. त्यासाठी टेप.

१३ ऑगस्ट

टेप स्ट्रिपिंग. पापुद्रा सोलून काढायचा, उरलंसुरलं औषध पुसायचं, मग चिकटपट्टी एकसारख्या वजनाने दाबून ओढायची. पहिली पट्टी फेकायची, कारण तिच्यावर वर राहिलेलं असतं. पुढच्या पट्ट्या मिथेनॉलमध्ये, मग मोजणी.

आरएलचं प्रमाण जास्त असलेल्या पापुद्र्याखाली वरच्या पट्ट्यांत औषध अधिक. आरएस जास्त असलेल्यात कमी, पण ते खोलवरच्या पट्ट्यांपर्यंत सारखं पसरलेलं. आरएस सावकाश सोडतो, इतकंच यातून कळतं. कातडीच्या आत बुरशी किती खोल जाते आणि कुठे किती औषध लागतं, यावर पुढे बोलावं लागेल. मॅडमनी सुचवलं की रिकामं आणि औषधी दोन्ही एकाच कानावर शेजारी लावून पाहावं, म्हणजे कानाकानांतला फरक आपोआप निघून जाईल. उद्यापासून तसंच.

२० ऑगस्ट

पाण्याची कसोटी. आजवरचं काम याच दिवसासाठी होतं, म्हणून नोंद लांब होईल.

काचपट्ट्यांवर पापुद्रे वाळवून तीन पाण्यांत बुडवले: नळाचं पाणी, समुद्राइतकं खारं पाणी म्हणजे लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, आणि शेतातल्या चिखलाचं पाणी, जे आईने बाटलीत भरून पाठवलं. पेडण्यात आमची जमीन खाजन आहे. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली, तरी मानसीतून (बांधातल्या दारातून) पाणी आत येतं आणि चिखलात खारटपणा उतरतो. म्हणून तिसरं पाणी पहिल्या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

खाऱ्या पाण्यात पापुद्रा नळाच्या पाण्यापेक्षा कमी फुगला. विचार केल्यावर अर्थ लागतो. क्वाटर्नरी अमोनियम गटांच्या जोडीला क्लोराइड असतो. बाहेरच्या पाण्यात मीठ नसेल तर आतल्या आयनांच्या ओढीने पाणी आत धावतं, मीठ असेल तर ती ओढच कमी होते. बाजारात बर्फाच्या, मिठाच्या पाण्यात पाय असलेल्या मावशीला माझा पापुद्रा अधिक काळ साथ देईल आणि पहिल्या पावसाच्या गोड पाण्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कमी. पुस्तकात पापुद्रा एकाच पाण्यात तपासतात. इथे पाणी तालुक्यागणिक बदलतं आणि ते तक्त्यात घालायचं मी ठरवलं आहे.

चिखलाच्या पाण्यात वेगळाच त्रास. माती पापुद्र्यावर घासते आणि कडा फाटतात. त्यासाठी बोटांमध्ये तो जाड न लावता पातळ लावावा, म्हणजे वाकतो आणि कड उठत नाही.

निवड आता आरएल-आरएस सारख्या प्रमाणात, ट्रायइथाइल सायट्रेट २० टक्के, पीव्हीपी १० टक्के, दोन्ही पॉलिमरच्या वजनाच्या हिशेबाने. पाण्याला आरएस उत्तर देतो, वाफेला आरएल.

२५ ऑगस्ट

एक गोष्ट पुस्तकात सहज सुटते ती: इथेनॉल. चिखल्यांची कातडी फुटलेली असते आणि फुटलेल्या कातडीला इथेनॉल झोंबतं. मावशीला जर पहिल्याच वेळी पाय जळला तर ती परत हात लावणार नाही, पॉलिमर कितीही चांगलं असो. कायटोसानची पाण्यातली वाट म्हणूनच तपासली. ते कोळंबीच्या सालीतल्या कायटिनपासून बनतं, सौम्य आम्लात विरघळतं आणि साधारण ६.५ पीएचच्या खालीच विरघळलेलं राहतं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने यावर पूर्वीपासून काम केलं आहे, कारण कोळंबीचा कचरा तिथला प्रश्न. कायटोसान स्वतःही जंतूंना थोडं आवरतं. पण पापुद्रा वाळायला फार वेळ लागतो. तेवढा वेळ पाय उचलून कुणी बसणार नाही. सध्या मिळेल ते सावध वाक्य: "फुटलेल्या भागावर लावू नये". त्यावर माझं समाधान नाही, आणि पुढचा विद्यार्थी इथूनच सुरू करू शकतो.

चवथ (गणेश चतुर्थी) परवा. दोन दिवस लॅब बंद.

४ सप्टेंबर

पेडण्याहून परतले. चवथीला जमलेल्या नातलगांत काकांनी आणि आणखी दोघांनी बाटली मागितली. दिली नाही. प्राण्याच्या कानावर चाललेली गोष्ट माणसाच्या पायावर घालायची तर आधी नीतिसमितीची परवानगी हवी आणि परवानगीआधी कुणाला एक थेंबही देणार नाही. काका नाराज झाले. त्यांच्या पायाला इतकं जुनं दुखणं आहे की त्यांचा राग मला समजतो. त्यांना त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली आणि सोबत जाणार आहे.

पॉलिमर कितीही शहाणं असलं तरी ते बुरशीचा हट्ट मोडू शकत नाही, हे लिहून ठेवणं मला भाग आहे. टर्बिनाफीन बुरशीतल्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं. भारतात आता ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी पसरली आहे, आणि या विकराच्या जनुकात बदल झालेल्या तिच्या अनेक वाणांवर औषध पुरेसं चालत नाही. तिचं प्रस्थ मुख्यतः अंगावरच्या आणि जांघेतल्या नायट्यात. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेसुमार वापर हे या सगळ्या प्रश्नाचं एक मोठं कारण मानलं जातं. २०१८ साली केंद्र सरकारने अशा काही स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत, घातलं, तरी माझ्या मावशीच्या हातात ती ट्यूब होतीच. पापुद्रा औषध जागेवर ठेवील. तिथे काय चालेल, हे ठरवायला कातडीचा खरवडलेला नमुना आणि तपासणी लागते.

८ सप्टेंबर

मैत्रिणीच्या पॅचमध्ये सुया दिसल्या, अॅक्रिलिक चिकट्यातही. तिला माझी पीव्हीपीची ओळ दिली. तिने मला तिची सोलण्याच्या ताकदीची कसोटी दिली, पट्टी उलट ओढून किती जोर लागतो ते मोजायची. माझ्या पापुद्र्याला चिकटा नाही, तो लागतो तो वाळताना त्वचेच्या रेषांत शिरून. पण जोर मोजता आला, ओल्या आणि कोरड्या कानावर. ओल्या कानावर पकड स्पष्ट कमी. म्हणून लावण्याआधी बोट पुसून कोरडं करायलाच हवं, तेवढी तरी सवड घ्यावी लागेल. सूचनेत हे आता सर्वांत वर आहे, २४ तासांच्या अटीच्याही वर.

१२ सप्टेंबर

स्थिरता कपाटात आज सॅम्पल ठेवले. ४० अंश आणि ७५ टक्के ओलीवर, तसेच ३० अंश आणि ७५ टक्क्यांवर. गडद काचेच्या बाटल्या, झाकण घट्ट, नाहीतर इथेनॉल उडून औषध वाढलेलं दिसेल. पहिलं सॅम्पल महिन्याने. पाहायचं ते: औषधाचं प्रमाण, वाळण्याची वेळ, सूक्ष्मदर्शकाखाली सुया.

नीतिसमितीच्या अर्जाचा मसुदा लिहायला घेतला. पहिली पायरी औषधाविना पापुद्र्याची, निरोगी पायांवर, टिकतो किती आणि खाज-जळजळ होते का एवढंच. मॅडमनी विचारलं की हिवाळ्यात का करत नाहीस, माणसं मिळतील आणि प्रकल्प लवकर संपेल. मी नाही म्हटलं. कोरड्या डिसेंबरात, सँडल घालून बसलेल्या विद्यार्थ्यांवर टिकलेला पापुद्रा आपल्याला काहीच सांगत नाही. अट अशी घातली आहे: चाचणी जून-जुलैमध्ये आणि सहभागी निम्मे तरी शेतात किंवा नुस्त्याच्या बाजारात काम करणारे. मॅडमनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि मंजूर केलं.

संमतीपत्र मराठीत आणि कोकणीत लागेल. मराठी मसुदा उद्या सुरू करते.